पंधरा चिमट्यांची लाट

"भौतिकशास्त्र तुला झेपायचं नाही," असं विज्ञानाच्या मॅडमनी सांगितलं, तेव्हा भिंगरीच्या तोंडून जे बाहेर पडलं त्याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य तिला स्वतःलाच वाटलं.

"का नाही झेपणार?"

गेल्या वर्षीची भिंगरी असती तर मान खाली घालून "बरं मॅडम" म्हणाली असती आणि घरी जाऊन उशी ओली केली असती. घरात ही पोरगी भिंगरीसारखी गरगर फिरायची, म्हणून तर ते नाव. शाळेच्या फाटकातून आत शिरली की मात्र मुखस्तंभ! पण या वर्षी एकदा गणिताच्या तासाला फळ्यावरचं उत्तर चुकलेलं दिसलं आणि ती चक्क उभी राहून बोलली. छप्पर कोसळलं नाही, कुणी हसलं नाही, उलट सरांनी खडू तिच्या हातात दिला. तेव्हापासून जिभेचं कुलूप निघालं ते निघालंच. आता ते पुन्हा कसं लावायचं, हे आईलाही कळत नव्हतं.

"का नाही म्हणजे?" मॅडम म्हणाल्या. "सूत्रं पाठ आहेत तुझी, पण प्रयोगाला उभी राहिलीस की हात लटलट कापतात. माझे तीन बीकर फोडलेस."

"दोन, मॅडम. तिसऱ्याला नुसता तडा गेला."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. रागवावं की हसावं हे त्यांचं ठरेना. शेवटी म्हणाल्या, "ठीक आहे. दोरीवरून धावणारी लाट करून दाखव मला. आयाम, तरंगलांबी, वारंवारता, दोलनकाल, वेग, सगळं तू मोजायचंस. आणि वेग दोन वाटांनी काढायचा. एकदा लाट बघून, आणि एकदा लाटेकडे ढुंकूनही न बघता, नुसता दोरीचा ताण आणि दोरीचं वजन यांच्यावरून. दोन्ही उत्तरं जुळली तर पुढच्या वर्षी माझ्या वर्गात ये."

"आणि नाही जुळली तर?"

"तर मुकाट्याने दुसरा विषय घे. माझे बीकर तरी वाचतील."

"शनिवारी दुपारी घरीच या मॅडम," भिंगरी म्हणाली. "आमच्याइतकी लांब दोरी अख्ख्या शाळेत नाही."

हे मात्र खरं होतं. भिंगरीच्या घराच्या मागच्या बाजूला आईची आणि मामाची लाँड्री होती. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, टेबलांवर अंथरायची कापडं असं सगळं मोठ्या मापाचं काम. आई इस्त्रीच्या यंत्रावर, मामा धुण्याच्या यंत्रांवर, आणि मागच्या फरसबंद अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळवणाच्या दोऱ्या. त्यातली भिंतीलगतची दोरी मामाची विशेष लाडकी. चांगली दहा मीटर लांब, आणि सगळ्या दोऱ्यांसारखीच तिलाही पांढऱ्या कापडाची शिवलेली गवसणी. ओली चादर थेट दोरीवर टाकली तर दोरीचा रंग उतरतो, डाग पडतो, आणि मग हॉटेलवाले आकाशपाताळ एक करतात. म्हणून जुन्या चादरींच्या पट्ट्या कापून दोऱ्यांना गवसण्या घालायची या घराची रीत होती.

शनिवारी शाळा सुटल्यासुटल्या दोघी कामाला लागल्या. दोघी म्हणजे भिंगरी आणि तिची जिवलग मैत्रीण दुर्बीण. हे नाव तिला जाड भिंगांच्या चष्म्यामुळे पडलं होतं आणि तिने ते मानाने मिरवायचं ठरवलं होतं.

"पाच वाजेपर्यंत दोरी तुमची," आईने दारातूनच बजावलं. "पाचला हॉटेलच्या चादरी यंत्रातून निघतील. तेव्हा लाट असो की वादळ, मला माझी दोरी रिकामी हवी."

मामाने मोडीत काढलेल्या यंत्राची मोटार भिंतीजवळच्या ओट्यावर पक्की बसवून दिली होती. चाकाच्या कडेला एक खिळा, खिळ्याला एक पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला दोरी. चाक फिरलं की पट्टी खाली-वर, खाली-वर, आणि दोरीचं टोकही तसंच. दुसऱ्या टोकाला खांबावर कप्पी लावून दोरी तिच्यावरून खाली सोडली होती, आणि तिला पाण्याची बादली टांगली होती. बादलीने दोरी ओढून धरलेली. हाच तो ताण.

"मामा, ही दोरी सगळी सारखी आहे ना?" भिंगरीने सुरू करण्याआधीच विचारून घेतलं होतं. "मधे काही वेगळं नाही ना?"

मामाच्या चेहऱ्यावर दुखावल्याचा भाव आला. "भाचीबाई, माझ्या दोरीबद्दल विचारतेस? अखंड आहे. हात फिरवून बघ, कुठे अडला तर नाव बदलीन."

भिंगरीने हात फिरवला. कुठेच अडला नाही.

पहिल्यांदा मोटार सुरू केली तेव्हा लाट म्हणून जे काही झालं ते बघून दुर्बीण म्हणाली, "ही लाट आहे की दोरीला थंडी वाजतेय?" लाटा कप्पीपर्यंत जायच्या, तिथे आपटून उलट फिरायच्या आणि समोरून येणाऱ्यांच्या अंगावर कोसळायच्या. नुसता गोंधळ! भिंगरी इकडून तिकडे तीन चकरा मारून आली आणि आत पळाली. बाहेर आली ती एक निथळतं ब्लँकेट घेऊन. कप्पीच्या अलीकडे स्टूल ठेवून तिने ब्लँकेटच्या घड्यांमधून दोरी ओवून घेतली. आता लाट तिथवर यायची आणि त्या ओल्या जडशीळ घड्यांमध्ये गुडुप व्हायची. परत फिरायचं नाव नाही!

आणि मग दिसली खरी लाट. भिंतीलगत गुळगुळीत, एकसारखी, एकामागून एक पळणारी. भिंगरीला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. तिने वाजवल्याही.

गंमत म्हणजे दोरी कुठेच जात नव्हती. भिंगरीने गवसणीवर लाल दोऱ्याचा एक तुकडा बांधला होता. तो बिचारा आपल्या जागेवर नुसता उठाबशा काढत होता आणि लाट मात्र त्याच्या अंगावरून पुढे धूम ठोकत होती. दुर्बिणीच्या मोबाइलवर चित्रण अगदी संथ करून बघितलं, तर तो लाल तुकडा मधल्या रेघेपासून तीन सेंटिमीटर वर आणि तीनच खाली जायचा. म्हणजे आयाम तीन. एका सेकंदात पुऱ्या दहा उठाबशा. म्हणजे वारंवारता दहा, आणि एका उठाबशीला सेकंदाचा दहावा भाग, तोच दोलनकाल.

तरंगलांबीसाठी भिंगरीने डोकं लढवलं होतं. मोटारीच्या बाजूला दोरीमागे एक चादर ताणून तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला कपड्यांचा एक चिमटा लावला होता. फोटो काढायचा, एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचे चिमटे मोजायचे, झालं काम.

"पंधरा," दुर्बीण म्हणाली. "पंधरा चिमटे. दीड मीटर."

"दीड मीटरची एक लाट, अशा दहा लाटा दर सेकंदाला. वेग पंधरा मीटर!" भिंगरी ओट्यावर चढून ओरडली. "आता दुसरी वाट!"

दुसरी वाट सोपी होती. बादलीचं वजन पाण्यासकट चार किलोच्या किंचित वर भरलं, म्हणजे चाळीस न्यूटन ताण. बादलीजवळ दोरीचं जास्तीचं शेपूट लोंबत होतं, त्यातला एक मीटर मामाने गवसणीसकट कापून दिला होता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन बरोब्बर शंभर ग्रॅम. ताणाला मीटरमागच्या वजनाने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. चाळीस भागिले शून्य पूर्णांक एक, म्हणजे चारशे. चारशेचं वर्गमूळ...

भिंगरी ओट्यावरून हळूच खाली उतरली.

"वीस," ती म्हणाली.

"पंधरा आणि वीस," दुर्बीण म्हणाली. "जवळ जवळच आहेत की."

"अगं, जवळ कुठे? तुला शंभरपैकी पंच्याहत्तर मिळाले तर तू आठवडाभर जेवत नाहीस!"

सगळं पुन्हा केलं. बादली पुन्हा तोलली. दोरीचा तुकडा पुन्हा तोलला. चिमट्यांमधली अंतरं फूटपट्टीने तपासली. लाल दोऱ्याच्या उठाबशा दोघींनी वेगवेगळ्या मोजल्या. पंधरा ते पंधराच आणि वीस ते वीसच. दोघंही आपापल्या जागी हट्टाने ठाण मांडून बसलेले.

घड्याळात चार वाजायला आले होते. दुर्बिणीने चष्मा पुसला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ऐक. बादलीत पाणी कमी होतं असं लिहायचं. सव्वादोन किलोच्या जरा वर लिहिलं की उत्तर पंधरा येतं. मी करून बघितलंय."

"अगं पण बादलीत आहे ना चार किलो!"

"मॅडम काय बादली तोलत बसणार आहेत? भिंगरे, तुझं पुढचं अख्खं वर्ष आहे यात. थोडं पाणी ओतून दे खरंच, हवं तर, म्हणजे खोटंही होणार नाही."

"मग लाट बदलेल, शहाणे. ताण कमी झाला की लाटही हळू होते."

"म्हणून तर नुसतं लिहायचं म्हणते!"

 खरं सांगायचं तर क्षणभर भिंगरीचा हात पेन्सिलीकडे गेलाही होता. चाराच्या जागी दोन करायला असा कितीसा वेळ लागतो? पण मग तिला वाटलं, पुढच्या वर्षी आपण मॅडमच्या वर्गात बसणार, आणि ही लाट का जुळली नाही ते आपल्याला जन्मभर कळणारच नाही. त्यापेक्षा वर्गाबाहेर बसलेलं काय वाईट? छे, तेही वाईटच. दोन्ही वाईट.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली आणि आईच्या मागून मॅडम अंगणात आल्या. शाळेबाहेर मॅडम जरा बुटक्या दिसत होत्या. त्यांनी मोटार पाहिली, ब्लँकेट पाहिलं, चिमट्यांची रांग पाहिली, आणि त्यांच्या भुवया चढत गेल्या.

"हे ब्लँकेट कशाला?"

"लाट गिळायला. नाहीतर ती परत येऊन घोळ घालते."

"कुणी सुचवलं?"

"कुणी नाही. सुचलं."

मॅडम "हं" म्हणाल्या. त्यांच्या "हं"चे अनेक प्रकार होते, आणि हा बरा होता. "मग? जुळलं?"

दुर्बिणीने भिंगरीच्या पायावर पाय दिला. भिंगरीने एक मोठा श्वास घेतला.

"नाही मॅडम. लाट बघून पंधरा येतात, वजन-ताणावरून वीस. सगळं दोनदा तपासलं. चूक सापडली नाही."

मागे इस्त्रीच्या यंत्राची वाफ फुस्सकन सुटली.  मामाने खांबाला टेकून उभं राहत हाताची घडी घातली, जणू त्याचाच निकाल लागणार होता.

"म्हणजे अट पुरी झाली नाही," मॅडम शेवटी म्हणाल्या.

"अजून पाच वाजले नाहीत," भिंगरी म्हणाली. "पाचपर्यंत दोरी माझी आहे. आई म्हणाली तसं."

आईने पदराआड हसू लपवलं.

भिंगरीने मोटार बंद केली. दोरी हलायची थांबली. एवढ्या सगळ्या लाटांच्या गर्दीत काही समजत नाही, तर मग एकच सोडून बघू, असं तिला वाटलं. तिने मोटारीजवळ उभं राहून, मनगट झटकून, दोरीला एकच टप्पू दिला. एक एकटा उंचवटा सुसाट निघाला आणि पार ब्लँकेटमध्ये जाऊन बुडाला. पण तिच्या बोटांना काहीतरी लागलं. अगदी हलकंसं, कुणी दारावर नखाने टकटक करावं तसं. आणि तेही उंचवटा ब्लँकेटपर्यंत पोचून परत यायला जेवढा वेळ लागेल त्याच्या आतच!

"दुर्बीण, मोबाइल! संथ चित्रण, पूर्ण दोरीचं. मागे हो, अजून मागे, हौदावर चढ!"

दुर्बीण हौदाच्या कठड्यावर चढली. भिंगरीने पुन्हा टप्पू दिला. मग चौघीही त्या इवल्याशा पडद्यावर डोकी एकमेकींवर आपटत वाकल्या. मोठा उंचवटा सरकत सरकत अंगणाच्या मध्यावर आला, आणि तिथे, जिथे ना खांब ना खिळा ना चिमटा, त्याच्यातून एक पिटुकला उंचवटा सुटा झाला आणि आल्या वाटेने परत फिरला. मोठा पुढे गेला, पण जाताना जरा लांबट होऊन, आणि आधीपेक्षा घाईने.

"मधे तर काहीच नाही," दुर्बीण म्हणाली. "मग परत कुणी पाठवला?"

"दोरीने!" भिंगरीने तिथल्या तिथे उडीच मारली. "अगं, दोरी बदलतेय तिथे! आपण चिमटे फक्त या अर्ध्या भागात लावले आणि तोलायचा तुकडा त्या अर्ध्या भागाचा कापला! मोटार लाव, मोटार! आणि चादर तिकडे न्या!"

मग काय विचारता! मामाने चादरीचं एक टोक धरलं, आईने दुसरं, चिमट्यांसकट ती बादलीच्या बाजूला नेऊन बांधली. लाल दोरा इकडचा सोडून तिकडे बांधला. मोटार सुरू. उठाबशा मोजल्या. दहाच. दुर्बीण म्हणाली, बदलायला हव्या होत्या ना? भिंगरी म्हणाली, मोटार एकच आहे, ती दहाच देते, मग दोरी नऊ किंवा अकरा आणणार कुठून? बदलली तर लांबीच बदलेल. आणि फोटोत उंचवट्यापासून उंचवट्यापर्यंत मोजले, तर चिमटे वीस!

"दोन मीटर गुणिले दहा," भिंगरी म्हणाली, आणि पुढचं बोलताना तिचा आवाज चिरकला. "वीस. या बाजूला वीस आणि वजनावरूनही वीस. जुळलं!"

सगळ्यांच्या माना एकदमच मामाकडे वळल्या.

मामा गवसणीवरून बोटं फिरवत होता. "आता आठवलं," तो म्हणाला. "एका वादळात तुटली होती ही. दुकानात त्या जातीची मिळेना, म्हणून दुसरी आणून जोडली. पेड उलगडून एकमेकांत गुंफले, आणि वरून गवसणी."

"अरे, मग पोरीने विचारलं तेव्हा अखंड म्हणून का सांगितलंस?" आई म्हणाली.

"अखंडच आहे की! गाठ मारली असती तर चादरीवर वळ उठला असता. माझ्या दोरीने आजवर एका चादरीवर वळ उठवलाय का, सांग बरं. जोड कळून आला तर तो जोड कसला?" मग जरा खजील होऊन म्हणाला, "इतका छान जमला की मीच विसरलो."

मॅडम हसल्या. पण लगेच त्यांचा शाळेतला चेहरा परत आला. "छान. पण हा तुझा तर्क झाला. मोटारीकडचा भाग जड आहे हे तू म्हणतेस. तोललास का?"

भिंगरी हिरमुसली असं कुणाला वाटलं असेल तर ते चूक. तिने पेन्सिल उचलली आणि मोटारीच्या ओट्यावरच आकडे मांडले. "तोलायच्या आधी सांगते, मॅडम. ताण दोन्हीकडे तोच, चाळीस. इकडे वेग पंधरा. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस. चाळीस भागिले दोनशे पंचवीस." तिने भागाकार पुरा केला. "इकडची दोरी मीटरला एकशे अठ्ठ्याहत्तर ग्रॅम भरली पाहिजे. नाही भरली तर दुसरा विषय घेते. मुकाट्याने."

"मुकाट्याने आणि ही!" आई पुटपुटली.

अडचण एकच होती. तोलायला तुकडा हवा, आणि मोटारीकडे जास्तीचं शेपूट नव्हतं. दोरीतूनच कापावा लागणार होता.

"माझी दोरी?" मामा म्हणाला. "अगं, ती आखूड पडेल की!"

"मामा, प्लीज. बादलीकडून सरकवून घेऊ ना. तिकडे अजून आहे शेपूट."

मामाने कात्री घेतली, मोटार बंद करून बादली उतरवली, पट्टीपासून एक मीटर मोजला, तोंड दुसरीकडे वळवलं आणि डोळे घट्ट मिटून कापलं. जणू दोरी नव्हे, स्वतःची शेंडीच. आतून निघाले ते सुती पेड, दाट पिळाचे. बादलीकडचा आधीचा तुकडा भिंगरीने उसवून बघितला, तो नायलॉनचा होता. जाडी अगदी सारखी. गवसणीच्या आत कुणाला काय कळणार होतं?

स्वयंपाकघरातला काटा अंगणात आला. मॅडमनी स्वतः तुकड्याचं वेटोळं करून त्यावर ठेवलं. आकडे वर गेले, खाली आले, जरा थरथरले. भिंगरीने डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं, म्हणून तिने दुर्बिणीचा हात इतका आवळला की ती "आई गं" म्हणाली.

एकशे पंच्याहत्तर.

"तीन कमी," भिंगरी हळूच म्हणाली.

"मूर्ख मुली," मॅडम म्हणाल्या, पण त्यांच्या तोंडून तो शब्द शाबासकीसारखा निघाला. "स्वयंपाकघरातल्या काट्यावर, कपड्यांच्या चिमट्यांनी मोजून तीन ग्रॅमची चूक? प्रयोगशाळेतल्या यंत्रावर माझ्या वर्गातली मुलं याहून जास्त चुकतात." त्या जरा थांबल्या. "आणि एक सांगते. पंधरा आणि वीसच्या जागी तू मला दोन्हीकडे पंधरा लिहून दाखवले असतेस, तर मी ते खरं मानून निघून गेले असते. मला तपासायचं सुचलंही नसतं."

दुर्बीण आपल्या चपलांकडे अतिशय लक्षपूर्वक बघू लागली.

"मग मी येऊ ना मॅडम, पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी कशाला? सोमवारी प्रयोगशाळेत ये. जोडलेल्या दोरीचा हा प्रयोग मला वर्गाला दाखवायचा आहे, आणि तो तू दाखवायचास. बीकरांना मात्र हात लावू नकोस."

भिंगरीने काय केलं? ती अंगणभर गरगर फिरली, हौदावर आपटली, मामाच्या गळ्यात पडली, आणि पाणी सांडत बादली लवंडली.

"झालं का?" आईने आतून हाक मारली. "पाच वाजले! चादरी निघाल्या. कुणीतरी हात लावा!"

मामा दोरी पुन्हा ताणून बांधायला गेला. गवसणीचं उसवलेलं टोक तो असं कुरवाळत होता की बघवेना. मॅडम निघायच्या म्हणून दारापर्यंत गेल्या, पर्स खांद्याला लावली, मग मागे वळून अंगणात नजर टाकली. भिंगरी आणि दुर्बीण पहिली ओली चादर दोन टोकांना धरून झटकत होत्या. मॅडमनी पर्स ओट्यावर ठेवली, बाह्या सारल्या आणि दोरीजवळ आल्या.

"चादर टाकायच्या आधी," त्या म्हणाल्या, "मला एकदा टप्पू देऊ द्या. ते मधून परत येणारं पिल्लू मला बोटांनी बघायचंय."

"जोरात द्या मॅडम," भिंगरी म्हणाली. "आणि मनगट ढिलं सोडा. तुमचा हात कापतोय बघा."